नवरी-३ आणि नवा मॉनिटर

तुमच्या मामाच्या कामाच्या खोलीत मी सहसा पाऊल टाकत नसे. शिवाजी पेठेत एका तालमीला लागून, पहिल्या मजल्यावर ती खोली होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिचकाऱ्या. त्या थांबाव्यात म्हणून घरमालकानं कोपऱ्यांत देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या होत्या, तर लोक देवांवरही थुंकले होते. नाकाला पदर लावून वर गेलं की वायरींचा गुंता, धूळ, चहाच्या ग्लासात विझवलेल्या सिगारेटी आणि टेबलावर रचलेल्या कॅसेटी. एकाही कॅसेटवर नाव नाही.

"नावं का लिहीत नाहीस रे?" मी विचारायची.

"माझ्या लक्षात असतं आई."

नसायचं. एका घरच्या हळदीच्या फिल्ममध्ये दुसऱ्याच घरची वरात गेली होती, आणि त्या दुसऱ्या घरचा नवरदेव घोड्यावरून उतरताना पडला होता. दोन्ही घरं एकाच दिवशी भांडायला आली. मी एकतीस वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं, प्रत्येक वहीला कव्हर आणि प्रत्येक कव्हरवर नाव, असा माझा नियम. माझ्याच पोटी हा असा निघाला.

लग्नाचं शूटिंग करायचं आणि मग कॉम्प्युटरवर त्याची दोन-तीन तासांची फिल्म बांधायची, हा त्याचा धंदा. चांगला चालायचा. कोल्हापुरातच नव्हे, पन्हाळ्याकडच्या गावांतूनही बोलावणी यायची. त्याचं कारण त्यानं मला एकदा मोठ्या कौतुकानं दाखवलं, आणि ते बघितल्यापासून मला त्या खोलीची जिन्यापेक्षाही जास्त शिसारी बसली.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये तीन सोयी करून ठेवल्या होत्या. त्यांना नावं होती नवरी-१, नवरी-२ आणि नवरी-३. नवरी-१ लावली की मुलीचा चेहरा थोडा उजळायचा. नवरी-२ लावली की चांगलाच उजळायचा. नवरी-३ लावली की ती मुलगी कुठल्याही घरची असो, उन्हातान्हात ऊस तोडणाऱ्याची असो की डॉक्टरची, पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखी दिसायची. नाकाची कड जायची, हनुवटीचा खळगा जायचा, कपाळावरच्या घामाबरोबर कपाळही जायचं. गिऱ्हाइकं त्याच्या खुर्चीमागं उभी राहून सांगायची, "दोन नको, तीन लावा की. पैसे देतोय न्हवं?" गावोगाव ते नंबर माहीत झाले होते.

"नवऱ्यासाठी काय आहे?" मी विचारलं.

"नवऱ्याला कशाला लागतंय आई?" तो खरोखरच चकित झाला होता.

तुमच्या आईचा साखरपुडा झाला तेव्हा त्यानंच ती फिल्म केली. बहिणीवर जीव होता त्याचा. जीव होता म्हणूनच त्यानं नवरी-३ लावली. त्यात त्याचा जुना मॉनिटर. काचेचा, डबड्यासारखा, पाठीमागं कुबड असलेला. वापरून वापरून त्याचा उजेड मंदावला होता. त्या मंद पडद्यावर त्याला नवरी-३ सुद्धा कमी वाटली, म्हणून वर आणखी थोडं वाढवलं. तीच डीव्हीडी कोडोलीला तुमच्या आजीआजोबांच्या घरी लागली आणि गावभर बातमी झाली की मास्तरणीची मुलगी दुधासारखी आहे.

मग लग्न झालं. आपल्या पद्धतीनं, पांढऱ्या साडीत. बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं, खोटं बोलणार नाही असंही त्यात म्हटलं. आणि हार घालून तुमची आई वळली, तेवढ्यात मुलाकडची एक चुलत आत्या हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बया! पडद्यावर तर लई गोरी हुती. ही तीच हाय, का तिची धाकटी भन?"

लोक हसले. आपलेही हसले. तुमची आई तेव्हा एम.एस्सी. झालेली, कॉलेजात शिकवत होती. ती दोन्ही हातांनी हार धरून उभी राहिली, इतका घट्ट की फुलं चुरगळली.

संध्याकाळी साडी बदलताना ती तुमच्या मामाला म्हणाली, "दादा, एकच मागते. तीन आठवड्यांनी मी परदेशात जायला विमानात बसणार. तिकडं मला कुणी ओळखत नाही. जी फिल्म मी बरोबर नेणार, त्यात मी मला दिसले पाहिजे. नाहीतर करूच नकोस, कोऱ्या कॅसेटी दे."

एवढंच तिचं मागणं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता आणि त्यात सगळे पुन्हा पुन्हा तेच विसरत गेले. मीसुद्धा.

आता माझं सांगते. मी त्या बाईवर संतापले होते, पण तुमच्या आईचा बायोडेटा कुणी लिहिला होता? मीच. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. शिक्षण, उंची, नोकरी सगळं खरं. आणि वर्णापुढं मी लिहिलं, गव्हाळ. ती गव्हाळ नाही. ती माझ्यासारखी सावळी आहे, चांगली सावळी. शाळेत एखाद्या मुलीनं निबंधात खोटं लिहिलं तर मी लाल रेघ मारायची. इथं माझ्या हाताला काही झालं नाही. साखरपुड्याची फिल्म मी बघितली तेव्हाही गप्प बसले. तुमच्या मामानं फक्त माझंच वाक्य पुढं नेलं होतं.

लग्नाचं शूटिंग त्यानं नव्या एचडी कॅमेऱ्यानं केलं होतं. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात प्रत्येक स्टुडिओच्या पाटीवर एचडी ही दोन अक्षरं रंगवलेली होती, आत काही असो वा नसो. कॅमेरा आला, पण त्याच्या कॉम्प्युटरला ते चित्र झेपेना. चार सेकंद चालायचं आणि थबकायचं. बुद्धवंदनेत सगळे अर्धे वाकून तसेच थांबलेले. एक तुकडा दुसऱ्याला जोडायला सांगितला की मशीन घरघरायचं आणि बंद पडायचं. तेव्हा नवा कॉम्प्युटर आणि नवा मॉनिटर घ्यायचाच होता. त्यानं मला बरोबर बोलावलं, कारण माहितीपत्रकं इंग्रजीत होती.

मी दोन दिवस बसून ती वाचली. इतकं वाईट इंग्रजी मी नववीच्या ढ तुकडीतही तपासलं नव्हतं. तरी अर्थ काढला आणि एका वहीत प्रश्न लिहिले. चित्र बाजूनं बघितलं तर रंग बदलतो का? पडद्यावर पुरती एचडी दिसते की दाबून लहान केलेली? मेमरी किती, आणि पुढं वाढवता येते का? कॅमेऱ्याची केबल लावायची जागा आहे का? चित्रण साठवायला वेगळी हार्ड डिस्क आहे का, की सगळं एकाच डिस्कवर कोंबायचं? वीज गेली तर यूपीएसवर काम जतन करण्यापुरता वेळ मिळतो का? तेव्हा भारनियमन होतं, वीज रोज वेळापत्रक लावून जायची, आणि वेळापत्रकाबाहेरही जायची.

पहिल्या दुकानात मालकानं माझ्या वहीकडं बघितलंच नाही. तो तुमच्या मामाला म्हणाला, "पावणं, ह्यो घ्या. ह्याच्यावर गेम लई भारी चालत्यात."

"गेम नाही, एडिटिंग करायचंय," मी म्हटलं.

"तेच की मॅडम. ज्याच्यावर गेम चालतो त्याच्यावर सगळं चालतं."

"कॅमेऱ्याची केबल कुठं लावायची?"

त्यानं डबा फिरवला. मागं बघितलं, पुढं बघितलं. "ती काय लागत न्हाय आता," तो म्हणाला.

दुसऱ्या दुकानात नवा म्हणून जो डबा दिला त्याची चिकटपट्टी कुणीतरी आधी काढून परत लावलेली होती, आणि आतल्या कीबोर्डमध्ये शेंगदाण्याचं साल होतं. मी ते चिमटीत धरून काउंटरवर ठेवलं. मालक म्हणाला, "कंपनीतून आलं असंल." शिवाय त्यानं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतो म्हणून पेनानं नाव लिहिलेली एक सीडी प्रसादासारखी हातावर ठेवली. चोरीची. मी परत दिली, तर तुमच्या मामानं मला बाहेर आल्यावर ऐकवलं, "आई, सगळ्या गावात हीच सीडी चालते. तू गप की जरा." आधीच्या मशीनमध्ये तीच होती, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन मी साबणानं हात धुतले.

कॉम्प्युटर शेवटी एका इंजिनिअरिंग झालेल्या माणसाकडून जोडून घेतला. तो कमी बोलायचा, वहीतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचा. त्या सबंध आठवड्यात तेवढा एकच माणूस मला सहन झाला. त्यानं दोन हार्ड डिस्का घातल्या, मेमरी दुप्पट केली, कॅमेऱ्याच्या केबलसाठी वेगळं कार्ड बसवलं. मॉनिटर मात्र तो विकत नव्हता. "तो डोळ्यांनी बघून घ्या," तो म्हणाला. "कागदावरचे आकडे खोटे असतात. ओळखीचं चित्र बरोबर न्या."

ओळखीचं चित्र! मला ते फार पटलं. तुमच्या मामानं मित्राच्या मशीनवर लग्नाचा दोन मिनिटांचा तुकडा काढून पेन ड्राइव्हवर घेतला. त्यावर मी माझ्या पद्धतशीर डोक्यानं आणखी एक गोष्ट ठरवली. चित्र खरं की खोटं हे कसं कळणार? मूळ शेजारी असलं तरच. म्हणून मी तुमच्या आईलाही बरोबर घेतलं, आणि लग्नाची पांढरी साडी घडी करून पिशवीत घेतली.

दुकान मोठं होतं. भिंतीवर नऊ सपाट मॉनिटर ओळीनं लावलेले, सगळ्यांवर परदेशी पोपट. प्रत्येक पडद्यावर पोपटाचा हिरवा वेगळा. विकणारा तरुण, टाय लावलेला, तोंडात मावा. बोलताना खालचा ओठ वर धरून बोलायचा.

पेन ड्राइव्ह लावला. पोपट गेले आणि नऊ पडद्यांवर नऊ तुमच्या आया आल्या. एकावर ती गुलाबी, एकावर हळद लावल्यासारखी पिवळी, एकावर निळसर, आजारी. एका स्वस्त पडद्यासमोर मी खुर्चीवर बसले तर ती गोरी, उठून उभी राहिले तर काळी, बाजूला सरकले तर चेहऱ्याच्या जागी नुसते दात. चारांवर साडी इतकी पांढरी की पदराची किनार नाही, हातातली फुलं नाहीत, नुसता पांढरा डाग आणि त्याच्यावर डोकं.

टायवाल्यानं सगळ्यात झगझगीत मॉनिटरवर हात ठेवला. "हा घ्या. ह्याच्यावर कसलीबी नवरी उठून दिसती. स्टुडिओवाले सगळे हाच नेत्यात."

"मला उठून दिसायला नको, खरी दिसायला हवी," मी म्हटलं, आणि तुमच्या आईला म्हटलं, "ये, इकडं उभी राहा."

ती पडद्याशेजारी उभी राहिली. मी पिशवीतून साडी काढून तिचा पदर तिच्या खांद्यावर टाकला. मागं सरकले. पडदा, ती. पडदा, ती. "थोडी डावीकडं. हनुवटी वर." मग दुसरा पडदा. "आता इथं." तिसरा. वहीत खुणा करत होते मी. आपण फार शिस्तीनं काम करतोय असं वाटत होतं. तुमचा मामाही बघत होता. टायवाला बघत होता. प्रिंटर घ्यायला आलेले दोघं काम सोडून बघत होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "त्या तिसऱ्यावर जास्त गोरी हाय."

"ट्यूबलाइटमध्ये कळत न्हाय मॅडम," टायवाला म्हणाला. "ताईंना जरा दारात उजेडात घ्या, मग कळतंय रंग."

आणि मी तिचा दंड धरून तिला दाराकडं नेलं.

दोन पावलं गेले असेन. ती थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, चालून पण दाखवू का?"

तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. तिला बघायला आधी तीन घरची माणसं आली होती. मुलगी बघताना पूर्वी असंच करायचे. चहा द्यायला लावायचं, चालून दाखव म्हणायचं, आणि घरातली एखादी वयस्कर बाई तिला परसदारी उजेडात नेऊन चेहरा बघायची, पावडर बोटानं पुसून बघायची. दुसऱ्या घरच्या बाईनं तिचं मनगट उलटं करून आतली कातडी बघितली होती. मी समोर पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं जनावराच्या बाजारात वाढली आहेत.

आणि आता माझ्या हातात तिचा दंड होता.

मी सोडला. साडीची घडी घालायला लागले. घडी मला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी काठाला काठ लागेना. दुकानातली ती नऊ तोंडं, तो माव्याचा वास, ते दोघं प्रिंटरवाले, सगळ्याची किळस आली, पण सगळ्यात जास्त माझ्या वहीची. त्यात मी खरोखर लिहून ठेवलं होतं: तिसरा, गोरी. पाचवा, जरा काळी. सहावा, बरोबर.

"सहावा," तुमची आईच म्हणाली. तिनं आरशात बघावं तसं एकदाच बघितलं होतं आणि वळली होती. "दादा, सहावा घे. त्यात काठ दिसतोय."

सहावा दिसायला सगळ्यात नीरस होता. चमक नाही, काच झगझगीत नाही, मंदच वाटायचा. पण खुर्चीवर बसा, उभं राहा, बाजूनं बघा, माणूस तोच राहायचा. त्याची किंमत झगझगीत मॉनिटरपेक्षा बरीच जास्त. टायवाल्यानं शेवटचा प्रयत्न केला, "मॅडम, जास्त पैसे देऊन काळं कशाला घेताय?" मी वही पिशवीत टाकली. तो बाहेर जाऊन फुटपाथवर पचकन थुंकला, तेवढं मी ऐकलं.

पुढचे दहा दिवस तुमचा मामा त्या खोलीत होता. एका तासाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक तासच लागायचा, त्याला दुसरा मार्ग नव्हता. वीज गेली की यूपीएस ओरडायचा. मी दुपारी डबा घेऊन जायची आणि कॅसेटींवर नावं लिहायची. सहाव्या का सातव्या दिवशी गेले तर तो डोकं धरून बसलेला.

"कोडोलीहून फोन आला होता," तो म्हणाला. "तिच्या सासूबाई म्हणतात, तीन नंबर लावा. आम्हाला सून उजळ दिसू दे, चार पाहुण्यांत लावायची आहे."

"मग?"

"मग काय. आई, त्या गावातली माझी चार लग्नं ठरलीत यंदाची. माझ्याच बहिणीला काळी दाखवली तर उद्या लोक म्हणतील, हा नवरीचं वाटोळं करतो. थोडी एक नंबर लावतो. कळणार पण नाही."

"तिला कळेल."

"तिला सांगू नकोस."

मी शाळेत कधी मुलीवर हात उचलला नाही. त्या क्षणी त्याच्यावर उचलावासा वाटला. मग बायोडेटा आठवला, आणि मी खाली बसले, त्या चहाच्या ग्लासांच्या शेजारी. म्हटलं, "गव्हाळ मी लिहिलं होतं. ते तू पडद्यावर चढवलंस. त्या बाईनं हॉलमध्ये हसं केलं ते आपल्या दोघांचं करायला हवं होतं, झालं तिचं. आता तुझी चार लग्नं जातील तर जाऊ देत."

त्यानं बराच वेळ माऊस नुसता गोल फिरवला. मग एक नंबर काढून टाकला. चेहरा पुन्हा सावळा झाला आणि त्याच वेळी साडीवरची जरीची बुट्टी वर आली, एकेक. मला माहीतच नव्हतं की त्या साडीवर बुट्टी इतकी बारीक आहे. लग्नात मी ती बघितली नव्हती, मी जेवणाची पंगत मोजत होते.

फिल्म झाली. एवढा एचडीचा बोभाटा, तरी घरोघरी बघायला ती शेवटी साध्या डीव्हीडीवरच उतरवावी लागली, हाही एक विनोदच. मूळ मोठी फिल्म हार्ड डिस्कवर घालून तुमच्या आईकडं दिली.

जाण्याच्या दोन दिवस आधी कोडोलीला सगळे जमले. तुमच्या कोडोलीच्या आजोबांनी नुकताच भिंतीएवढा सपाट टीव्ही घेतला होता. त्याच्यावरचं दुकानातलं स्टिकर त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. दुपारची वेळ, वीज आलेली, खोलीत वीस-पंचवीस माणसं, पोरं खिडकीत. ती चुलत आत्या सगळ्यात पुढं, चटईवर. तुमची आई दाराशी.

डीव्हीडी लागली. वंदना सुरू झाली आणि तुमची आई पडद्यावर आली.

पांढरीफटक.

"अगं बाई, काय दिसती!" चुलत आत्या टाळी वाजवून म्हणाली. "ही खरी! लग्नात काय झालतं कुणास ठावं!"

तुमची कोडोलीची आजी माझ्याकडं वळून खूश होऊन म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या पोरानं ऐकलं बगा माझं. तीन नंबर लावलाच."

मी तुमच्या मामाकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आई, शपथ, मी काही लावलेलं नाही. टीव्हीचं आहे. दुकानात ठेवतात तसा ठेवलाय, सगळं पुरतं वाढवून."

म्हणजे तो मॉनिटर, ते दहा दिवस, दुकानातलं ते उभं राहणं, सगळं त्या एका टीव्हीनं गिळलं होतं. किनार नाही, बुट्टी नाही, हनुवटी नाही. आणि लोक आनंदात. मला वाटलं, उठून बाहेर जावं आणि विहिरीवर तोंड धुवावं. मी उठणार होतेही.

"आबा," तुमची आई सासऱ्यांना म्हणाली, "रिमोट द्या जरा."

नवी सून. लग्नाला तीन आठवडेही न झालेले. त्यांनी गोंधळून दिला. आवाज वाढवायचा असेल असं त्यांना वाटलं असणार.

ती पुढं आली आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. पडद्यावर इंग्रजीत यादी आली. तिनं एकेक रेघ खाली आणली. उजेड खाली, मग रंग, मग आणखी काहीतरी. घाई केली नाही. पडद्यावर तिचा चेहरा हळूहळू परत येत गेला. आधी भुवया, मग गालाचं हाड, मग तो सावळा रंग. साडीला काठ आला.

मग पडद्यावर तुमची कोडोलीची आजी आली, आणि खाली बसलेली खरी आजी ओरडली, "अगं, मी बी काळी झाले की!"

खोलीत हशा फुटला. खिडकीतली पोरं तर पडायचीच बाकी होती. चुलत आत्या डोळे पुसत म्हणाली, "आगं तू हायसच तशी! मी का खोटं बोलतीय व्हय?"

"टीव्ही बिघडला का काय?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"नाही आबा. आता नीट झालाय."

"पयल्यासारखं कर गं," सासू म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

"नको आत्या," तुमची आई सासूला म्हणाली. "मला असंच बघायचंय."

तुमचे बाबा त्या वेळी चहाच्या कपात बघत होते. हे त्यांना वाचून दाखवा.

ती परत दाराशी गेली नाही. तिथंच पुढं, चटईवर, त्या चुलत आत्याशेजारी बसली आणि रिमोट मांडीवर ठेवून वर पदर घेतला. नव्या सुनेच्या मांडीवरून कोण काढून घेणार? फिल्म आणखी दीड तास चालली. आम्ही निघाल्यावर आजोबांनी टीव्ही परत तसाच झगझगीत केला असणार, याची मला खात्री आहे. तुमच्या मामाची कोडोलीतली दोन लग्नं गेलीही. पण त्या दीड तासात कुणी रिमोट मागितला नाही, आणि ती जेवायला उठली तेव्हा तो बरोबर घेऊनच स्वयंपाकघरात गेली.